दक्षिण प्रशिया आणि मावशींची वाट

तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून देणे हा माझा व्यवसाय. आज वड्याच्या पुडीला इतिहासाच्या पुस्तकाचे पान निघाले. त्यावर तीन साम्राज्यांनी वाटून घेतलेल्या पोलंडचा नकाशा होता. रशियाने आपल्या वाट्याचे सुभे पाडले. ऑस्ट्रियाने लुटीच्या मुलखाला ‘राज्य’ ही पदवी बहाल केली. प्रशियाने तर पोलंडच्या भूमीलाच ‘दक्षिण प्रशिया’ म्हटले! दुसऱ्याच्या घरात शिरावे आणि त्या घराला आपली ओसरी म्हणावे, असला हा निर्लज्जपणा. वाचताना माझे कान तापले.

तोच शेताची अडवलेली वाट मोकळी करून मागणाऱ्या मावशी परत आल्या. ओढ्यापलीकडे नवा तालुका झाल्यापासून त्यांचे घर इकडे आणि शेत तिकडे. दोन्ही कचेऱ्या त्यांना एकमेकींकडे पिटाळतात.

“भाऊ, मी जागची हलले नाही, मग माझं शेत परक्या तालुक्यात गेलं कसं?”

पोलंडच्या शेतकऱ्यानेही हेच विचारले असेल, आणि त्यालाही कुणा शिपायाने ‘उद्या या’ म्हणून सांगितले असेल.

मी नवा अर्ज लिहिला. गावाचे नाव ठळक काढले आणि तालुक्याची जागा कोरी सोडली.

“तालुका राहिला की, भाऊ.”

“राहू द्या, मावशी. वाटणी त्यांनी केली. शोधू देत त्यांनाच.”