खरात बाईंचं बिनधुराचं इंजिन

कुणी नवी गाडी घेतली की माणसं ती पुढून बघतात. रंग, काच, लिंबू-मिरची. खरात बाई थेट मागं जायच्या. पदर खोचून सायलेन्सरपाशी उकिडव्या बसायच्या आणि म्हणायच्या, "हं, करा चालू." आमचे हिशेबनीस कुलकर्णी हौसेनं पेढे घेऊन नवी मोटार दाखवायला आले, तेव्हा बाईंनी आधी धुराचा वास घेतला, मग पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "पेढा चांगला आहे हो." कुलकर्णी आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत.

"माणसाचं तोंड बघावं, गाडीचं बूड," हे बाईंचं तत्त्वज्ञान. मूळच्या अकोल्याच्या. पुण्यात येऊन टोमणे शिकल्या आणि मग पुणेकरांचीच शिकवणी घेऊ लागल्या. खूप रागावल्या की मात्र अकोला बाहेर यायचं.

वाघोलीच्या पुढं नगर रस्त्यावर आमचा कारखाना होता. छोट्या मालवाहू टेम्पोंची डिझेल इंजिनं बनायची. बाई चाचणी विभागाच्या प्रमुख, मी त्यांच्या हाताखालचा नवा इंजिनिअर. माझे मित्र सॉफ्टवेअर कंपन्यांत एसीत बसून अमेरिकेची स्वप्नं बघत होते आणि मी काळं शिंकत होतो.

तेवढ्यात सरकारनं धुराचे नियम आवळले. आमचं जुनं इंजिन त्यात बसणं शक्यच नव्हतं. नवं पास झालं नाही तर कारखान्याला टाळं, हे शिपायालाही ठाऊक होतं. बाईंनी इंजिन आतून-बाहेरून बदललं. शेवटी ते असं चालायला लागलं की मागं धुतलेलं धोतर वाळत घालावं!

पण आमचे चाचणी ड्रायव्हर, मांजरी गावचे पोपटराव, काही खूश नव्हते. धूर नाही तर दम नाही, असं तमाम टेम्पोवाल्यांसारखं त्यांचंही मत. "बाई, इंजान चालू हाय का बंद, कळंना की! जरा तरी धूर सोडा."

"पोपटराव, भाकरी आचेवर भाजते, धुरावर नाही," बाई म्हणायच्या. पोपटराव मान डोलवायचे, पण पटायचं नाही. त्यांच्या मुलीला बाईंनी डिप्लोमाला घातलं होतं, त्यामुळं बाईंचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढंच त्यांना कळायचं.

चाचणीचा दिवस उजाडला. सरकारी तपासनीस आले. परदेशात शिकून आलेले धाकटे मालक पांढराशुभ्र शर्ट घालून टेम्पोच्या नेमके मागं उभे राहिले. पोपटरावांनी भरलेला टेम्पो आवारातल्या चढावर असा काही घातला की बस्स! आणि मागं काळाकुट्ट ढग. ढगातून धाकटे मालक बाहेर आले ते कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे. मी फस्सकन हसलो. मग बाईंचा चेहरा बघितला आणि माझं हसू जागच्या जागी मेलं.

पोपटराव मिशीवर ताव देत उतरले. "कसा वढला, बाई? सकाळीच पंपाला अर्धा आटा दिला. पाव्हण्यांपुढं तुमचं इंजान मुळूमुळू चाललं तर लाज न्हाई का जाणार?"

पंपाचा पेच फिरवला की डिझेल जास्त जातं. गाडी जोरात ओढते आणि धूरही ओकते. म्हणून त्या पेचाला शिशाचं सील असतं. ते तुटलेलं होतं. तपासनिसांनी चाचणी तिथंच थांबवली.

ऑफिसात धाकटे मालक कडाडले, "घातपात आहे हा! पोलिसांत द्या त्याला, म्हणजे आपल्याला लगेच फेरचाचणी मिळेल."

"घातपात? अहो, त्यानं प्रेमानं केलंय. प्रेमाला आपल्याकडं कलम नाही," बाई म्हणाल्या आणि तपासनिसांकडं वळल्या. "सील माझ्या ताब्यात होतं. गलथानपणा माझा. लिहून घ्या आणि फेरचाचणी द्या."

"मॅडम, मग तुम्हाला या कामावर राहता येणार नाही," तपासनीस म्हणाले.

"नाही राहत."

मी बाहेर त्यांच्यावर अक्षरशः ओरडलो. "बाई, इंजिन तुमचं आहे!"

"इंजिन माझं, तसा ड्रायव्हरही माझाच," त्या म्हणाल्या.

फेरचाचणीत इंजिन पहिल्या फटक्यात पास झालं. धाकट्या मालकांनी भाषण ठोकलं. त्यात बाईंचं नाव नव्हतं. मला अजून त्या माणसाचा राग येतो, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

बाईंचं सामान वारज्याला त्यांच्या घरी न्यायला पोपटराव नवा टेम्पो घेऊन आले. खोकी चढवली. बाई पुढं त्यांच्या शेजारी बसल्या. पोपटराव स्टिअरिंग धरून नुसतेच बसून राहिले. खांदे हलायला लागले.

"काहून रडून राहिला रे?" बाई खेकसल्या. "बाप मेला का तुझा? काढ गाडी!"

त्यांनी गाडी काढली. सगळा कारखाना मागं उभा होता, फिटरपासून कुलकर्ण्यांपर्यंत. टेम्पो फाटकातून वळून नगर रस्त्याला लागला. धुराचा मागमूस नव्हता. त्यामुळं डोळ्यांत पाणी का आलं, याला आमच्यापैकी कुणाकडंच सबब नव्हती.