मोकळा दोर

कोकणातल्या किनाऱ्यावर मी त्या गृहस्थांना एकदाच भेटले. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, खांद्यावर विहिरीचा दोर. लाइफ जॅकेट घातलेल्या बायकोच्या कमरेला ते दोर बांधत होते. "सोडा ना, लोक पाहून राह्यले," ती म्हणत होती. शेवटी बोटवाल्यानेच तो सोडायला लावला.

"आमच्या तेल्हाऱ्यात पोहाले असंच शिकवतेत," ते मला म्हणाले. "एक जण विहिरीत, अन् दोर धरून एक जण काठावर."

मीही त्याच जिल्ह्यातली, अकोल्याची. माझे वडीलही असाच दोर धरून उभे असत.

माझी मुलगी आणि त्यांची बायको एकाच रबरी बोटीवर बसल्या. बोट लाटांवर आपटत लांब गेली. माझ्या शेजारी उभे राहून ते मोकळा दोर पुन्हा पुन्हा मुठीत आवळत होते. तेवढ्यात परतणाऱ्या लाटेने आमच्या पायांखालची वाळू ओढून नेली.

"बाप्पा, इथं तं काठच सरकून राह्यला!" ते म्हणाले.

मुलीच्या जॅकेटचे पट्टे मी स्वतः ओढून पाहिले होते, तरी बोटीवरून नजर हटवली नाही. बोट ठिपक्याएवढी झाली तेव्हा त्यांनी दोराचं दुसरं टोक माझ्यापुढे केलं.

दोघी परत येईपर्यंत मी ते सोडलं नाही.