राख निवली की नाही

माझे सासरे जन्मभर माळीकाम करत आले. वाळका पाला, छाटलेल्या फांद्या बागेच्या कोपऱ्यात जाळायच्या आणि ती राख टोमॅटो-भोपळ्याच्या मातीत मिसळायची, हा त्यांचा खाक्या. गल्लीत त्यांना सगळे धूरबाबा म्हणत. शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास लागला की बोलणी मात्र मी खायची.

राख पोत्यात भरण्याआधी ते तिच्यात मनगटापर्यंत हात खुपसत. "वरून गार दिसते, पण आत निखारा असतो. डोळ्यांना नाही कळत, हातालाच कळतं," म्हणायचे. तो हात कधी चुकला नव्हता.

त्या दुपारी आभाळ भरून आलं. राख भिजली की तिचा कस वाहून जातो. त्यांनी घाईघाईने हात घालून पाहिला, पोतं भरलं, जिन्याखाली ठेवलं आणि चहाला आले.

मी कप पुढे केला तेव्हा त्यांचा तळवा दिसला. टरारून फोड आले होते. एक फुटलाही होता.

"बाबा, हात भाजलाय तुमचा!"

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "मला तर काहीच जाणवलं नाही गं."

साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेत, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. हातांचं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. म्हणजे राख गरमच होती! जिन्याला लागूनच खोली, आणि आत माझी लेक झोपलेली.

मी धावले. पोत्याची कड लाल होऊन आत आत जळत चालली होती, धूर दाराखालून खोलीत शिरत होता. दार ढकलून पोरीला उचललं. ती खोकली, मग रडली. मी तिला छातीशी धरून बाहेर पळाले. बाबांनी पोतं फरफटत अंगणात नेलं, वर बादल्या ओतल्या.

मग पोरीला कडेवर ठेवूनच मी त्यांचा हात गार पाण्याखाली धरला.

संध्याकाळी हाताला पट्टी बांधून ते पायरीवर बसले होते. लेक मागून गेली आणि त्यांच्या दुसऱ्या, धड हाताचं बोट मुठीत धरून उभी राहिली. ते बागेकडेच बघत होते.

"आजोबा," तिने हाक मारली.

"कधी आलीस गं?" त्यांनी वळून विचारलं, आणि तिच्या मुठीतल्या आपल्या बोटाकडे भेदरून बघत राहिले.