उजेडकाका

कापड दुकानातल्या त्या जुन्या विक्रेत्याला सगळे उजेडकाका म्हणत. गिऱ्हाइकाने रंग पसंत केला, तरी काका लगेच कात्री लावत नसत. आधी तागा घेऊन दुकानाच्या पायरीवर जायचं, दिवसाच्या उजेडात दाखवायचा, मग कापायचा. ट्यूबलाइटखालचा रंग खरा नव्हे, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मालक म्हणायचे, या माणसाचं अर्धं आयुष्य पायरीवरच गेलं. पण कापड बदलायला सहसा कोणी परत येत नसे.

छातीतली जळजळ ते वर्षानुवर्षं गोळ्यांवर निभावून नेत. अखेर सुनेने नेऊन दुर्बिणीची तपासणी करवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठळक काही दिसत नाही, पण अन्ननलिकेचं खालचं अस्तर जरा वेगळं वाटतं. मोठ्या इस्पितळात पुन्हा पाहून घ्या. काकांनी त्यातलं पहिलं अर्धं वाक्य तेवढं घरी आणलं. उरलेलं सुनेने सांगितलं. तिथे दुर्बिणीची नळी अशीच असते, फक्त टोकाचा उजेड निळसर करतात, म्हणजे बारीक रक्तवाहिन्या उठून दिसतात.

"एकदा पाहिलंय ना? परत तीच नळी गिळून काय वेगळं दिसणार?" काका हटून बसले.

काकू त्यांच्या सदऱ्याला बटण लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"गिऱ्हाईक असं म्हणालं असतं, तर त्याला पायरीवर नेलं असतंत. स्वतःच्या वेळेला ट्यूबलाइट चालतो होय?"

काकांनी तो सदरा अंगात चढवला. ते सुनेबरोबर मोठ्या इस्पितळात गेले.

तपासणीनंतर तिथल्या डॉक्टरांनी दोन चित्रं शेजारी शेजारी दाखवली. साध्या उजेडात सगळं एकसारखं गुलाबी. निळसर उजेडात मात्र नखाएवढा एक डाग, त्यात गुंतवळासारख्या रक्तवाहिन्या. काकांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "साध्या उजेडात हे खपून गेलं असतं."

तुकडा तपासायला गेला. अहवाल येईपर्यंत घरात कोणाला धड घास गेला नाही. कर्करोगच होता, पण अगदी वरच्या थरात, नुकता धरलेला. त्याच दुर्बिणीतून डाग काढला. पोटाला टाकासुद्धा पडला नाही. आता अधूनमधून तपासणीला जायचं, आणि तारखेची आठवण काका स्वतःच करून देतात.

ते कामावर परतले, तेव्हा मालकांनी त्यांच्यासाठी पायरीवर खुर्ची ठेवली होती. काका तिच्यावर बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर तागा उलगडून टाकला आणि गिऱ्हाइकाला बाहेर बोलावलं.