झाकणं हातात राहिली

बबनरावांचा हेतू चांगला होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. भाडेकरूच्या खोलीत स्पिरिटचा वास कोंडला होता. टेबलावरच्या दोन बरण्या गॅलरीत नेऊन ठेवाव्यात, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी दोन्ही एकदम उचलल्या, झाकणांना धरून. झाकणं हातात राहिली. प्लास्टिकच्या बरण्या फरशीवर गेल्या आणि बोटभर लांबीचे चोवीस मासे पार कॉटखालपर्यंत पसरले.

एका झाकणावर ‘पवना’ लिहिलं होतं, दुसऱ्यावर ‘इंद्रायणी’. नावं अगदी शाबूत होती. कुठला मासा कुठल्या नावाचा, तेवढं मात्र आता कोणालाच ठाऊक नव्हतं.

“मन्सूरभाई,” बबनराव आत बघून म्हणाले, “जरा भाईर येता का?”

मन्सूरभाई आले, फरशीकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. ओरडले असते तर बबनरावांना बरं वाटलं असतं.

चाकणच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं क्वालिटीला, माल मोजून पास करण्यात, काढलेला हा माणूस. कुरुळीत बबनरावांच्या इमारतीत राहायला आला, तेव्हा टेम्पोतलं सामान उतरवायच्या आधी त्यानं दाराची चौकट मोजली आणि घरमालकाला सांगितलं, “वरून चार मिलिमीटर कमी आहे.” चौकट खरंच कमी होती, बसवणारा बबनरावांचा मेव्हणा होता. तेव्हापासून दोघांचा संध्याकाळचा चहा एकत्र. एकदा माल मापात नव्हता म्हणून मन्सूरभाईंनी कंपनीचा ट्रक गेटवर थांबवला होता. साहेब म्हणाले, “सोडा हो, कोण बघतंय?” हे म्हणाले, “मी बघितलंय.” ट्रक परत आत गेला.

आणि मासे होते त्यांच्या मुलीचे. उझ्मा ताथवड्याच्या कॉलेजात एमएस्सी करत होती. दोन नद्यांतले हे मासे दिसायला एकसारखे, पण जाती दोन, असं तिचं म्हणणं. प्रत्येकाचं अंग, डोकं, डोळा मोजून तिनं वहीत लिहिलं होतं. आज कॉलेजातल्या तिच्या मॅडम वही आणि मासे ताडून बघणार होत्या. मासे मिसळले म्हणजे तिची पाच महिन्यांची मेहनत गेली. ती निगडीला प्रिंट काढायला गेली होती आणि तीन वाजता बरण्या न्यायला येणार होती. घड्याळात दीड झाला होता.

“आमच्यात दोन्हीला खवलीच म्हनत्यात,” बबनराव चाचरत म्हणाले. “आन् दोन्ही तळूनच खात्यात.”

“वही द्या.”

मन्सूरभाईंनी चष्म्याच्या जुन्या घरातून मलमलीत गुंडाळलेला व्हर्नियर, बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी, काढला. पहिला मासा ब्याऐंशी मिलिमीटर भरला. वहीत सगळ्यात लांब मासा एकाहत्तरचा. दुसरा एकोणऐंशी. तिसरा, चौथा, कुठलाच वहीत बसेना.

“स्पिरिटनं फुगलं असत्याल.”

मन्सूरभाईंनी व्हर्नियरचं शून्य तपासलं. पुन्हा तपासलं. त्यांच्या कपाळावर घाम आलेला बबनरावांनी प्रथमच पाहिला, आणि आपण कॉटवर पाय वर घेऊन बसलोय याची त्यांना लाज वाटली. पण पाय खाली सोडायचीही भीती. एका माशावर मघाशीच टाच पडली होती, ते अजून सांगायचं राहिलं होतं.

सव्वादोनला मन्सूरभाईंनी वहीचं पहिलं पान उघडलं. उझ्मानं तिथं माशाचं चित्र काढलं होतं. लांबीची रेघ तोंडापासून निघून शेपटाच्या बुडाशीच थांबली होती.

“शेपूट धरत नाहीत,” ते हळूच म्हणाले.

“का बरं?”

“तुटतं, झिजतं. त्याच्यावर भरवसा नाही.” मग स्वतःशीच, “सव्वीस वर्षं टोकापासून टोकापर्यंत मोजतोय मी.”

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता माप बसत गेलं. मन्सूरभाई आकडे सांगत, बबनराव वहीवर बोट फिरवून शोधत आणि दर माशामागे घड्याळ बघत. तीनला दहा कमी असताना बावीस मासे आपापल्या बरणीत होते.

दोन उरले. लांबी दोघांची चौसष्ट, उंची दोघांची अठरा. वहीत फरक फक्त डोळ्याचा: पवनेच्या माशाचा चार पूर्णांक सहा, इंद्रायणीच्या माशाचा चार पूर्णांक आठ. एकाचा डोळा बरोबर मध्ये, चार पूर्णांक सात भरला. दुसऱ्याचा डोळा टाचेखाली चपटा झाला होता.

“ह्यो माज्या पायाखाली आला,” बबनरावांनी सांगून टाकलं.

खाली स्कूटी थांबल्याचा आवाज आला.

“मन्सूरभाई, टाका एक हितं, एक तितं. कोन बघतंय?”

मन्सूरभाईंनी नुसतं वर पाहिलं. बोललो ते बोलायला नको होतं, असं बबनरावांना झालं. मन्सूरभाईंनी लोणच्याची एक रिकामी बाटली घेतली, दोन्ही मासे तीत सोडले, वर स्पिरिट ओतलं आणि कंपनीत शंका असलेल्या मालाला लावत तशी पिवळी चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर लिहिलं: ‘खात्री नाही.’

जिन्यात पावलं वाजू लागली. बबनरावांनी घसा साफ केला.

“आता पोरीला सांगनार कोन?”

“सांडलंत तुम्ही, सांगा तुम्हीच.”