चाकमामांचा मंगळ

चाकमामांकडे सायकल नेली की ते आधी ती उलटी करायचे, चाकाला एक झटका द्यायचे आणि चाक थांबेपर्यंत अवाक्षर बोलायचे नाहीत. आपण घाई केली तर म्हणायचे, "थांबा, त्येला आदी बोलू द्या." येरमाळ्याच्या फाट्यावर त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. मी जवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो आणि माझ्या मोटारसायकलचं मागचं चाक सारखं पंक्चर व्हायचं, एवढीच आमची ओळख. त्यांचं खरं नाव काय, हे मी सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही.

मामांची मूळची मेंढरं होती. बापामागं रानोमाळ हिंडताना त्यांना आभाळ बघायची सवय लागली. "समद्या चांदण्या एका चालीनं जात्यात. ह्यो तांबडा मंगळ तेवढा रोज जरा जरा म्होरं सरकतो, आन् मधीच दोन-अडीच महिने माघारी फिरतो. का फिरतो, ते बापाला सांगता आलं न्हाय." मेंढरं गेली, दुकान आलं, पण हा प्रश्न काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

मग त्यांनी त्याचं उत्तर आपल्या दुकानातल्या सामानातच शोधलं. चोवीस इंची रिम आडवी मांडली. तिच्या कडेवर लहान मुलांच्या सायकलीचं चाक आडवंच बसवलं आणि त्या चाकाच्या कडेला एक लाल मणी बांधला. मोठी रिम फिरली की साखळीनं लहान चाकही फिरायचं. रिमच्या मधोमध ठोकलेल्या खिळ्याजवळ डोळा नेऊन, म्हणजे जणू पृथ्वीवरून, पाहिलं की मणी पुढे जायचा, थबकायचा, मागे यायचा आणि पुन्हा पुढे निघायचा. "बारा इंची लावलं तं नुसता रेंगाळतो, माघारी जातच न्हाय. वीस इंची लई माघारी नेतं. सोळा इंची बराबर बसलं." हे जुळवायला त्यांना अकरा वर्षं लागली होती. शिवाय डोळा खिळ्यावर नेमका ठेवायचा नाही, जरा बाजूला ठेवायचा, कारण मंगळ कधी भरभर चालतो, कधी दमानं, आणि बरोबर मधोमध बसलं की ते जुळत नाही, असंही त्यांनी शोधून काढलं होतं.

मी बी.एस्सी. झालेला माणूस. मी हसलो. "मामा, पृथ्वी मधे नसते हो, सूर्य मधे असतो. पृथ्वी वेगानं मंगळाच्या पुढे निघून जाते, म्हणून तो मागे गेल्यासारखा दिसतो. पाचवीतलं पोरगं सांगेल."

मामांना राग आला नाही. "व्हय, पृथ्वी फिरती, ठाव हाय मला. पण म्या हितं बसून बगतो, सर. सूर्यावर बसून कुनी बगितलंय?" मग म्हणाले, "ह्या टायमाला तो कृत्तिकांच्या झुपक्याकडं माघारी चाललाय. झुपक्यापस्तोर जायाचा न्हाय. संक्रांतीच्या आसपास थांबल आन् रोहिणीकडं वळल. दिवेलागणीला वर बगा तेवढं." मी बघतो म्हणालो आणि बघितलं नाही.

त्याच महिन्यात शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मी मामांना त्यांचं यंत्र मागितलं. त्यांनी दोन दिवस दुकान बंद ठेवून त्याला चंदेरी रंग दिला. मी ते एका टेबलावर मांडलं. एका बाजूला लिंबू-मिरची, दुसऱ्या बाजूला सूर्य गिळणाऱ्या राहूचं चित्र, आणि वर लाल अक्षरांत फळी: 'जुन्या अडाणी समजुती'. मामांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर ते येतील, असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

ते आले. इस्त्रीचा सदरा घालून, मामींना सोबत घेऊन. फळीसमोर उभे राहिले आणि त्यांनी ती वाचली. मामींना वाचता येत नाही. त्यांनी पदर सावरत विचारलं, "येवढ्या मोठ्या अक्षरात काय लिवलंय वो?"

"आपलं नाव लिवलंय," मामा म्हणाले.

मी चार हात अंतरावर उभा होतो. फळी काढायला एक मिनिट लागलं असतं. पण उद्घाटनाला पाहुणे येणार होते, आणि मी पाहुण्यांकडे निघून गेलो. मामा मात्र संध्याकाळपर्यंत तिथंच उभे राहिले आणि येईल त्याला मंगळ फिरवून दाखवत राहिले. जाताना मला म्हणाले, "लई लोकांनी बगितलं, सर."

संक्रांतीच्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी गच्चीवर गेलो. मंगळ कृत्तिकांच्या अलीकडे थांबला आणि चार-सहा दिवसांनी रोहिणीकडे सरकू लागला. मग पुस्तकं आणून वाचली. चाकावर चाक आणि पृथ्वी जराशी बाजूला, ही मांडणी करून जुन्या काळच्या मोठमोठ्या ज्योतिर्विदांनी शेकडो वर्षं ग्रहांची गणितं केली होती. आपल्याकडच्यांनीसुद्धा. मला याचा पत्ता नव्हता, आणि अडाणी मी मामांना ठरवलं होतं. माफी मागायची म्हणून तीनदा दुकानावर गेलो. तिन्ही वेळा हवा भरून घेतली आणि परत आलो.

गेल्या उन्हाळ्यात मामा झोपेतच गेले. भेटायला गेलो तेव्हा मामी रडत नव्हत्या. म्हणाल्या, "सर, त्येंच्या नावाची ती फळी साळंत आसंल न्हवं? तेवढी द्या मला. भिताडाला लावीन."

मला त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. मी "आणतो" म्हणालो. शेजारच्या हॉटेलवाल्याला मामांचं पूर्ण नाव विचारलं, नवी फळी घेतली आणि त्याच लाल रंगानं स्वतःच्या हातानं ते लिहिलं. रंग वाळल्यावर फळी नेऊन दिली. मामींनी ती मांडीवर घेतली आणि अक्षरांवरून हळूहळू बोट फिरवलं.

"वाचून दावा की, सर."

मी वाचून दाखवलं.

"व्हय," मामी म्हणाल्या, "त्येंनी बी आसंच वाचलं व्हतं."