चिकाच्या हातांनी नातीला उचललं

"बाबा, तुम्हाला स्वाईन फ्लू आहे," डहाणूच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "आमच्या पाड्यात कुणी डुक्कर पाळत नाय." त्या हसल्या. हसणाऱ्या डॉक्टरचा मला भरवसा वाटत नाही.

२०१५ चा फेब्रुवारी होता. चार दिवस ताप, खोकला, तरी वाडीत चिकू तोडायला जात होतो. घशात काडी फिरवून नमुना मुंबईला पाठवला होता. आलेला रिपोर्ट दुसऱ्याच कुणाचा नसेल कशावरून?

मला आयसोलेशनमध्ये ठेवलं, म्हणजे वेगळ्या खोलीत. पहिली कॅप्सूल मी उशीखाली सारली.

दुसऱ्या दिवशी मुलगा एकटाच डबा घेऊन आला. सून सात महिन्यांच्या पोरीला घेऊन माहेरी, सरावलीला गेली होती. मला न विचारता. नातीला काहीतरी झालंय आणि हे लपवतायत, अशी माझी खात्रीच झाली.

डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "व्हायरस दाखवा, मग गोळी घेतो."

त्या खुर्ची ओढून बसल्या आणि सांगू लागल्या. व्हायरस डोळ्यांना दिसत नाही. त्याच्यावर एन्व्हलप असतं, म्हणजे चरबीचं आवरण, तेही आपल्याच पेशीचं चोरलेलं. त्यावर गळासारखे आकडे. आकडा अडकला की पेशी स्वतःच त्याला पिशवीत घालून आत ओढते. तिथे आंबटपणा लागला की आकडा उलटतो आणि व्हायरसचं आणि पिशवीचं आवरण एक होतं. ते फ्युजन, म्हणजे मिसळणं. मग त्याचा ऐवज पेशीत सांडतो.

"चिकासारखं," मी म्हटलं. चिकूचा चीक पाण्याने जात नाही, खोबरेल चोळलं की त्यात मिसळून सुटतो.

"तसंच. साबण ते आवरण फोडतो. तुम्ही हात कशाने धुता?"

चाळीस वर्षं वाडीतून आलो की हाताला तेल चोळायचं, फडक्याला पुसायचं, झालं. त्याच हातांनी, खोकत खोकत, रोज पोरीला उचलत होतो.

उशीखालची कॅप्सूल काढून गिळली आणि मुलाला सुनेला फोन लावायला सांगितलं.

"पोरीचा आवाज ऐकव."

"झोपलीय, बाबा."

"उठव."

पोर रडली. आवाज मोकळा होता, घरघर नव्हती. तरी गोळ्यांचे पाचही दिवस मी तिला फोनवर रडवलं.

तुम्हाला खोकला असेल आणि घरात तान्हं असेल, तर रुसा, पण लांब राहा.

मी बरा झाल्यावर सून पोरीला घेऊन आली. तिला म्हटलं, "तू नेलीस ते बरोबर केलंस. माझं चुकलं."

ती माझ्या मुलाकडे वळली. "अहो, डॉक्टरांना फोन करा. बाबांचा ताप अजून उतरलेला नाय."